कोडाचा रंग कोण नेतो?

‘कोड’ हा शब्द उच्चारतांना आपल्याकडे माणसें आवाज खालीं आणतात. ठरत आलेलें लग्न या एका शब्दानें मोडतें. जुन्या लोकांनीं याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटलें. पण याचा कुष्ठाशीं कांहीं संबंध आहे काय, आणि कातडीचा रंग जातो तो कशानें, एवढेंच आज पाहूं.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशीं रंगपेशी असतात. टायरोसिन या द्रव्यापासून त्या मेलॅनिन हा रंग बनवितात. त्या कामीं टायरोसिनेज नांवाचें, तांब्याचे अणु असलेलें विकर लागतें. एकेक रंगपेशी सुमारें ३६ शेजारपेशींना रंग पुरविते. रंगारी एक, भिंती छत्तीस!

रंग नसण्याचीं कारणें मुख्यतः तीन. रंगारी जागेवर आहे, पण जनुकांतील दोषामुळें त्याला रंग करतां येत नाहीं. जन्मतःच सर्वांग पांढरें असणाऱ्यांचें असें होतें. दुसरें, गर्भावस्थेंत रंगारी कांहीं भागीं पोंचलाच नाहीं. मग कपाळावर जन्मापासून पांढरा पट्टा व पांढरी बट दिसते. तिसरें, रंगारी आला, कामाला लागला, आणि पुढें मारला गेला. हेंच कोड.

मारणारा परका जंतु नव्हे. शरीराच्या रक्षणासाठीं असलेल्या आपल्याच टी-पेशी रंगपेशींना शत्रु समजून त्यांचा नाश करितात. त्या इंटरफेरॉन-गॅमा हें द्रव्य सोडतात. त्यामुळें त्वचेंतील इतर पेशी रासायनिक हांका देतात व आणखी टी-पेशी तेथें गोळा होतात. कांहीं तेथेंच ठाण मांडून बसतात. म्हणून भरलेला डाग पुष्कळदां त्याच जागीं परत उमटतो. ही हांक पेशीच्या आंत अडविणारें रुक्सोलिटिनिबचें मलम अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झालें. केसांच्या मुळांशीं रंगपेशींचा साठा उरला असेल, तर उपचारानें तेथूनच ठिपक्याठिपक्यांनीं रंग परततो.

कुष्ठाला जंतु आहे. हॅन्सेननें तो १८७३ सालीं शोधला. कुष्ठाचा डाग बहुधा बधिर असतो, कोडाच्या डागाला स्पर्श कळतो. कोड शिवल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं. माशांवर दूध प्याल्यानेंही उठत नाहीं. त्याचा कल कांहीं अंशीं वारशानें येतो हें खरें. परंतु आईला वा बापाला कोड असलें, तरी बहुसंख्य मुलांना तें होत नाहीं.

तेव्हां डाग दिसतांच तो लपवूं नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि सोयरीक पाहतांना माणसाचे गुण पाहावे. रंगपेशींचा हिशेब मांडूं नये.