बटर, तेल की वनस्पती? घरच्या केकसाठी काय परवडते, काय चालते

घरी केक किंवा नानकटाई करायची म्हटले, की मैदा-साखरेचा खर्च फारसा जाणवत नाही. हिशेब वाढतो तो बटरमुळे. मात्र प्रत्येक पदार्थाला बटर लागतेच असे नाही. कुठे खर्च करायचा आणि कुठे वाचवायचा, हे समजून घेऊ.

नुसता किलोचा भाव पाहू नका

टेबल बटरमध्ये नियमानुसार किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेला बहुतेक भाग पाण्याचा. तेल आणि वनस्पती जवळपास पूर्ण स्निग्ध. त्यामुळे १०० ग्रॅम बटरच्या जागी साधारण ८० ग्रॅम तेल पुरते. सोबत एक मोठा चमचा दूध घालावे.

समजा, बटर ६०० रुपये किलो आणि तेल १६० रुपये किलो आहे. मग एका केकला बटरचे ६० रुपये लागतात, तर तेलाचे १३ रुपयांहून कमी. तेल घेताना पिशवीवरचे वजनही पाहा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते.

कशात काय वापरावे?

• रोजचा केक, कपकेक : सूर्यफूल, सोयाबीन किंवा राईस ब्रान तेल चालते. उग्र वासाचे घाण्याचे तेल टाळा. तेल थंडीत घट्ट होत नसल्याने केक फ्रीजमध्येही मऊ राहतो.

• बटर-साखर फेटून करायचा केक : फेटताना बटरमध्ये हवा अडकते आणि केक हलका होतो. तेलात ती तशी टिकत नाही. म्हणून अशा कृतीत बटर बदलण्यापेक्षा मुळातच तेलाची कृती निवडा.

• नानकटाई, बिस्किटे : इथे थिजलेला स्निग्ध पदार्थ हवा. नुसत्या तेलाने पीठ पसरते, बिस्किटे चपटी होतात. अर्धे तूप आणि अर्धी वनस्पती घेतली, तर तुपाचा स्वाद राहतो आणि खर्चही कमी होतो.

• बटर कुकीज, बटर आयसिंग : इथे चवच बटरची असते. बटरचे पैसे इथेच खर्च करा. खारे बटर असेल तर कृतीतले मीठ वगळा.

घरी विरजणाचे लोणी निघत असेल, तर तेही चालते. ते स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळून घ्या.

स्वस्त म्हणजे अपायकारक का?

वनस्पती आणि मार्जरीनबद्दलची मुख्य भीती ट्रान्स फॅटची. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. त्यामुळे सुटी, लेबल नसलेली वनस्पती घेऊ नका. पाकिटावरचा ट्रान्स फॅटचा आकडा वाचा. संपृक्त मेद मात्र बटर, तूप, वनस्पती या तिन्हींत भरपूर असतो, तेव्हा बेताने खाणेच बरे. तळणाचे उरलेले तेल केकमध्ये घालू नका. वास आणि कडवटपणा उतरतो.

विक्री करत असाल तर

मार्जरीन घालून ‘बटर कुकीज’ म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते. जे वापरले तेच सांगा आणि त्यानुसार भाव ठेवा. तेलाचा चांगला केक ‘तेलाचा केक’ म्हणूनही खपतो. एकदा गेलेला विश्वास मात्र स्वस्तात परत मिळत नाही.