गाभ्याला धक्का न लावता

कंपनीचे कामकाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या गरजेची भर पूर्वी थेट मूळ कोडमध्येच घातली जाई. नवी आवृत्ती आली की ती भर पुसली जाई, नाहीतर अपग्रेडच अडून राही. एका ग्राहकासाठी केलेले काम दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. यावर भारतात निघालेला सर्वांत खंबीर तोडगा मुंबईच्या फ्रापे या कंपनीचा. त्याला पाठबळ मिळाले बेंगळुरूतून.

फ्रापेचे ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या निमित्ताने घडवलेले ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर पुढे सर्वांसाठी खुले झाले. त्यातला प्रत्येक फॉर्म हा ‘डॉकटाइप’. फॉर्मची रचना कोडमध्ये पक्की न बांधता नोंद म्हणून साठवलेली असते, त्यामुळे नवे फील्ड जोडायला प्रोग्रामर लागत नाही. मंजुरीची साखळीही तशीच मांडता येते: परचेस ऑर्डर कोणत्या टप्प्यावर आहे, तिथून ती पुढे कोण ढकलू शकतो, ठरावीक रकमेच्या वर कोणाची संमती लागते.

खरे वळण आले 2014 मध्ये, चौथ्या आवृत्तीबरोबर. भर घालणारे वेगळे अ‍ॅप लिहायचे आणि त्याच्या ‘हुक्स’ फाइलमध्ये सांगायचे, की सेल्स इन्व्हॉइस सबमिट झाले की आमचे हे फंक्शन चालव. मूळ कोडची एक ओळही बदलावी लागत नाही. वाढवलेली फील्डही ‘फिक्श्चर’ म्हणून अ‍ॅपसोबतच जातात. दुसऱ्या कंपनीने अ‍ॅपचा गिटवरचा पत्ता ‘बेंच’ या साधनाला दिला, की तेच अ‍ॅप तिच्याकडे बसते. वाटून घेणे शक्य झाले ते या साध्या शिस्तीमुळे.

या रचनेचा कस लागला करांच्या नियमांत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींवरील उलाढालीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले आणि ऑगस्ट 2023 पर्यंत ती मर्यादा 5 कोटींवर उतरली. इतक्या भराभर बदलणारे नियम जगभर चालणाऱ्या गाभ्यात ठेवणे परवडणारे नव्हते. 2022 च्या चौदाव्या आवृत्तीत भारतीय करांचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या स्वतंत्र अ‍ॅपमध्ये गेला. मनुष्यबळ विभाग, शिक्षण, आरोग्य हेही वेगळे झाले. गाभा हलका करण्याचा हा निर्णय योग्यच होता.

पाठबळ दिले ते बेंगळुरूच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीने: तिने ईआरपीनेक्स्ट स्वतः वापरले आणि फ्रापेत गुंतवणूकही केली. ईआरपीनेक्स्टच्या प्रतिष्ठानातून पुढे फॉस युनायटेड ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘इंडियाफॉस’ परिषदा 2023 आणि 2024 मध्ये बेंगळुरूत भरल्या. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे आणि वापरणारे तिथे समोरासमोर येतात.

अ‍ॅप खुले केले म्हणजे ते टिकतेच असे नाही. गाभ्याची नवी आवृत्ती आली की प्रत्येक अ‍ॅप नव्याने तपासावे लागते. ते करणारा कोणी उरला नाही, तर अ‍ॅप जुन्या आवृत्तीवरच अडकते आणि ते वापरणारी कंपनीही.