शेअर-विश्लेषकाची नोकरी आणि तालुक्याचा पदवीधर

तालुक्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेला मुलगा मुंबईच्या दलाली पेढीत शेअर-विश्लेषक होऊ शकतो काय, असे पालक विचारतात. होऊ शकतो. मात्र मोठ्या पेढ्या भरतीसाठी बहुधा नामांकित संस्थांतच जातात आणि अपरिचित कॉलेजचा अर्ज बाजूला पडतो, हे कटू सत्य आहे.

म्हणून अर्जासोबत स्वतः लिहिलेला एक अहवाल जोडावा. कंपनीचे हिशेब वाचून तिच्या शेअरचा भाव रास्त आहे की नाही हे लेखी मांडणे, हेच विश्लेषकाचे काम. त्याचा कच्चा माल सर्वांना सारखाच मिळतो : नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आपल्या ओळखीचा धंदा निवडावा. बियाणे, पंप, ट्रॅक्टर. पाच वर्षांचे ताळेबंद समोर ठेवावेत. नफा वाढतो पण रोकड येत नाही, असे दिसले तर उधारी तपासावी. रोकडही डोळे झाकून मानू नये. २००९ साली उघडकीस आलेल्या सत्यम प्रकरणात ५,०४० कोटी रुपये केवळ कागदावर होते! मग गावच्या दुकानदाराला विचारावे, माल खपतो की पडून आहे? ही चौकशी शहरातल्या मुलाला इतकी सोपी नाही.

एन.आय.एस.एम.ची संशोधन-विश्लेषक परीक्षाही द्यावी. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. इंग्रजी लेखनाचा सराव मात्र आजच सुरू करावा, कारण अहवाल इंग्रजीतच लागतो. तो तीन-चार पानांचा असावा, आणि लहान पेढीच्या संशोधन-प्रमुखाकडे थेट पाठवावा.