मालिकेच्या लेखकाचा धंदा: महिन्याला २६ एपिसोड आणि पैसे तीन महिन्यांनी



या आठवड्याचा व्हिडिओ लेखकांवर होता. "आपण दुकानदार माणसं, आपला लेखनाशी काय संबंध?" असं काही जणांना वाटलं असेल. पण टीव्ही मालिकेचा किंवा यूट्यूब चॅनेलचा लेखक म्हणजे एका माणसाची छोटी फर्मच असते. माल स्वतः बनवायचा, बिल स्वतः काढायचं आणि वसुलीही स्वतःच करायची. आमच्या बॅचमधली एक मुलगी सध्या पक्का पगार सोडून मालिकेचे संवाद लिहायचं काम घ्यावं का, या विचारात आहे. व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून सगळा हिशोब इथे मांडतो.

माल कसा तयार होतो?

मालिकेच्या सुरुवातीला कथा, पटकथा, संवाद अशी नावं येतात. बऱ्याचदा ही तीन वेगळी माणसं असतात. कथाकार पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक ठरवतो. पटकथाकार त्याचे एपिसोड पाडतो: कुठला सीन कुठे, आणि शेवटी प्रेक्षकाला उद्यापर्यंत धरून ठेवणारा हुक कोणता. त्यावर संवादलेखक पात्रांचं बोलणं लिहितो. प्रत्येक टप्प्यावर चॅनेल आणि निर्मात्याच्या क्रिएटिव्ह टीमचा ओके लागतो.

सोमवार ते शनिवार चालणारी मालिका म्हणजे महिन्याला साधारण २६ एपिसोड. शूट झालेले पण अजून न दाखवलेले एपिसोड म्हणजे 'बँक'. आपल्या भाषेत गोदामातला स्टॉक. बँक भरलेली असेल तर लेखक रात्री झोपतो. बँक दोन दिवसांवर आली की कलाकार मेकअप करून बसलेले आणि सीन व्हॉट्सअॅपवरून सेटवर जातायत, अशी अवस्था. त्यात दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. आकडा पडला की ठरलेला ट्रॅक रद्द. रद्द झालेल्या पानांचे पैसे करारात लिहिले असतील तरच मागता येतात.

मार्च २०२० मध्ये शूटिंग बंद पडलं, बँक संपली आणि चॅनेल्सना जुने एपिसोड दाखवावे लागले. जो लेखक एपिसोडवर पैसे घेतो, त्याचं मीटर त्या काळात बंदच होतं.

आता गल्ला मोजू

आकडे फक्त गणितासाठी घेतोय. समजा संवादाचे एपिसोडला ५,००० रुपये. २६ एपिसोडचे १,३०,००० झाले. व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला, की हातात १,१७,०००. ऐकायला छान वाटतं.

पण करारात बऱ्याचदा ९० दिवसांची उधारी असते. जूनमध्ये काम सुरू केलं, महिनाअखेर बिल दिलं, तर जूनचे पैसे सप्टेंबरअखेर येणार. म्हणजे पहिले चार महिने घर स्वतःच्या शिलकीवर चालवायचं. मालिका नोव्हेंबरअखेर बंद झाली आणि पुढचे सहा महिने दुसरं काम मिळालं नाही, तर वर्षाची कमाई ७,८०,०००. बाराने भागा: महिन्याला ६५,०००, तेही टीडीएस कापायच्या आधी. पगाराशी तुलना करायची तर या आकड्याची करा, १,३०,००० ची नाही.

कापलेला टीडीएस बुडत नाही, रिटर्न भरताना तो आपल्या खात्यात धरला जातो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. आणि जीएसटी बिलाच्या तारखेवर भरायचा असतो. निर्मात्याने पैसे अजून दिले नाहीत, हे कारण तिथे चालत नाही.

४५ दिवसांचा नियम

आपल्या चॅनेलचे जुने लोक हे ओळखतील. एमएसएमई कायदा २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी लावता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. सेवा देणारे या कायद्यात येतात, म्हणून लेखकालाही उद्यम नोंदणी करता येते. नोंदणी मोफत आहे. फक्त ती काम घेण्याआधी करा, पैसे अडकल्यावर नाही. तक्रार करणं ही शेवटची पायरी. आधी बिलावर उद्यम नंबर टाका, समोरचं अकाउंट्स खातं तो बघतं.

माल विकला की भाड्याने दिला?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पगारी नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे कंपनी असते. फ्रीलान्स काम करताना मात्र हक्क सहीने जातात. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देणं लेखी हवं. त्यात कालावधी लिहिलेला नसेल तर तो ५ वर्षं धरला जातो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द असतात. ते उगाच नसतात.

२०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला एक संरक्षण दिलं. थिएटरबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला हक्क त्याला करारानेही सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बस. हक्क कागदावर आहे, पण संवादलेखकाच्या खात्यात तो पैसा येणं ही अजून वेगळी लढाई आहे.

यूट्यूबवर हे आणखी स्पष्ट दिसतं. लांब व्हिडिओच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलमालकाला मिळतात. व्हिडिओ चार वर्षं चालला तर चार वर्षं मिळतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला मात्र सहसा एकदाच ठरलेली रक्कम. दुकान त्याचं, माल तुमचा, आणि विक्रीत तुमचा वाटा शून्य.

अमेरिकेतल्या लेखकांनी याच प्रश्नावर २ मे २०२३ पासून १४८ दिवस संप केला. स्ट्रीमिंगवरच्या पुनर्वापराचे पैसे, लेखकांच्या टीमची किमान संख्या आणि एआयवर मर्यादा हे मुद्दे होते, आणि तिन्हींवर त्यांनी काही ना काही मिळवलं. तिथे किमान दर संघटना ठरवते. आपल्याकडे मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. स्क्रिप्टची नोंदणी करते, सभासदांचे वाद ऐकते. पण दराची घासाघीस ज्याची त्यालाच करावी लागते.

सही करण्याआधी या पाच गोष्टी

१. पैसे कशावर मिळणार: ड्राफ्ट दिल्यावर, शूट झाल्यावर की एपिसोड दाखवल्यावर? ड्राफ्ट दिल्यावर मागा.
२. किती वेळा बदल फुकट? दोन ठीक. तिसऱ्यापासून वेगळे पैसे.
३. काम मध्येच थांबलं तर किती आठवड्यांची नोटीस?
४. स्क्रीनवर नाव येणार का? पुढचं काम त्या नावावर मिळतं.
५. स्क्रिप्ट पाठवण्याआधी नोंदणी, आणि पाठवायची ती ईमेलनेच. फोनवरचं बोलणं पुरावा होत नाही.

मग नोकरी सोडायची का?

माझं मत सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि करारात पहिले तीन मुद्दे लेखी असतील, तर जरूर घ्या. यातलं एकच असेल, तर नोकरी सांभाळून आधी यूट्यूबसाठी किंवा एखाद्या मालिकेच्या टीममध्ये थोडं काम करून बघा. दोन्ही नसतील तर लिहीत राहा, पण राजीनामा लिहू नका.

आणि तुम्ही लेखक नसून फोटोग्राफर, डिझायनर किंवा ट्यूशनवाले असाल, तरी तुमचं शेवटचं बिल काढा. बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख यांत किती दिवस गेले, ते मोजा. पुढच्या व्हिडिओत आपण त्याच आकड्यावर काम करणार आहोत.