थोडक्या खर्चात सस्कॅचेवान



आपल्यापैकी काहींची मुलं कॅनडात आहेत. "पोरगं बोलावतंय, पण तिकडं फिरायला पैसा किती लागायचा?" असं आम्हाला गटकचेरीत विचारलं जातं. विमानाचं भाडं सोडलं, तर सस्कॅचेवान हा गव्हाचा प्रांत खिशाला परवडणारा आहे.

जावं ते जून ते सप्टेंबरात. थंडीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो.

राजधानी रेजायना. तिथली १९१२ सालची विधानसभेची इमारत आतून दाखवतात, तिकीट नाही. समोरचा वास्काना तलाव १९३१ च्या मंदीत बेकार मजुरांनी हातानं खोदून खोल केला. आपल्याकडच्या दुष्काळी कामासारखंच ते. काठानं हवं तेवढं फिरा. सस्काटूनच्या संग्रहालयात तिकीट आहे, पण जुने ट्रॅक्टर आणि १९१० सालचा बाजाररस्ता बघण्याजोगा.

खरं बघावं ते गावोगावी रेल्वेलगत. लाकडी धान्यकोठारं, म्हणजे 'एलेव्हेटर'. पट्ट्यावरच्या वाट्यांनी धान्य वर चढवायचं, वरून वाघिणीत सोडायचं. बाहेरून बघायला छदाम पडत नाही. आता थोडीच उरलीत.

त्यांतली कितीतरी शेतकऱ्यांच्या सहकारी 'व्हीट पूल'ची. १९२४ साली उभी राहिलेली ही संस्था १९९६ साली शेअरबाजारात गेली. २००७ साली तिचं नावही गेलं. काही कोठारांवर मात्र ते अजून वाचता येतं.

ते वाचून या, आणि परतल्यावर आपल्या वार्षिक सभेला न चुकता हजर राहा.