कॉलेजची तयारी : सतरा वर्षांच्या आम्हाला सांगायच्या गोष्टी



बारावीचा निकाल लागला की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एकीकडे पोरीचं कौतुक, पेढे, आणि दुसरीकडे दबक्या आवाजात, "आता पुढं काय?" कॉलेज तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला. खर्च किती, जायची-यायची सोय काय, सोबत कोण? एवढं सगळं ठरेपर्यंत अर्धा जून जातो. मग घाईघाईनं एक बॅग, दोन ड्रेस घेतले की झाली तयारी, असं सगळ्यांना वाटतं.

आमच्या गटात आपापल्या काळी गावाहून एसटीनं कॉलेजला गेलेल्या काही जणी आहेत. कुणी पदवी घेतली, कुणी पहिल्या वर्षानंतर घरी परतली. आम्ही एकत्र बसून एकमेकींना विचारलं, की तेव्हाची ती सतरा वर्षांची पोर आज समोर आली, तर तिला काय सांगशील? नवल म्हणजे, "मन लावून अभ्यास कर" असं एकीनंही सांगितलं नाही. अभ्यास तर सगळ्याच करत होत्या. ज्या परतल्या त्या नापास होऊन परतल्या नव्हत्या. कुणाचा दाखला वेळेत आला नाही, कुणाची राहायची सोय झाली नाही, कुणाची संध्याकाळची गाडी चुकायची, आणि कुणाला काय विचारायचं, कुठं विचारायचं, हेच कळत नव्हतं. म्हणून आजचं बोलणं या तयारीबद्दल आहे.

कागद : जून उजाडायच्या आधी

पहिली गोष्ट कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, वय-अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हे बहुतेक सगळ्यांनाच लागतात. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला लागतो. ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास अशा प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेयर दाखलाही लागतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा व्यावसायिक शिक्षणाकडे जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हवं. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे पक्कं लक्षात ठेवा. दाखला मिळाला की काम संपलं असं समजून घरं निर्धास्त राहतात आणि ऐन प्रवेशाला अडतात.

वैधतेसाठी वडिलांच्या बाजूचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा बघितला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद असं काहीतरी. हे शोधायला वेळ जातो. म्हणून पोर अकरावीत गेली की लगेच शोधायला लागा. बारावीत असताना कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करता येतो. लग्न झालेल्या मुलीलाही जातीचे पुरावे माहेरचेच लागतात, आणि नाव बदललं असेल तर त्याचा पुरावाही जोडावा लागतो.

उत्पन्नाच्या दाखल्याचं मात्र उलटं आहे. तो आधी काढून ठेवून भागत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढायचा. जातीचा आणि अधिवासाचा दाखला मात्र दिवाळीच्या सुट्टीत काढून ठेवला तरी चालतो.

अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात करा आणि पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे. उशीर झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. पण अपिलाला आधार पावतीचाच.

एक साधी गोष्ट सांगतो, तिच्यावर फार काही अवलंबून असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर पोरीचं नाव अक्षरशः सारखं आहे का, ते तपासा. एकीकडे "सुनीता", दुसरीकडे "सुनिता", कुठं वडिलांचं नाव आहे तर कुठं नाही, एवढ्यावरून अर्ज परत येतो. दुरुस्ती दहावीनंतरच्या सुट्टीत करून घ्या.

पैसा : तिच्या नावानं, तिच्या हातात

सतरा वर्षांच्या त्या पोरीला आम्ही सांगू, "बाई, तुझ्या नावाचं खातं उघड आणि ते स्वतः चालव." शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात. पैसे थेट विद्यार्थिनीच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात. दोन-तीन खाती असतील तर शेवटी ज्या खात्याला आधार जोडला त्यात पैसे पडतात. बँकेत जाऊन "माझा आधार कुठल्या खात्याला जोडलाय?" एवढं विचारलं की काम होतं.

मुलींसाठी राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ रोजी एक मोठा निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातली असेल, तर व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरतं. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. पण यात एक अट आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत मिळत नाही. "आम्ही सीट मिळवून देतो" म्हणणारा कुणी दारात आला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की प्रवेश कुठल्या प्रक्रियेतून? अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आणि फी माफी आहे.

फी माफ झाली म्हणजे खर्च संपला असं मात्र नाही. खोलीचं भाडं, मेस, बसचा पास, पुस्तकं, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, पाळीचे पॅड हा सगळा खर्च दर महिन्याचा. जून महिन्यातच पोरीला समोर बसवून वहीत महिन्याचा हिशोब मांडा. घरची ओढाताण तिच्यापासून लपवू नका. आकडा माहीत असलेली पोर जपून खर्च करते. आकडा माहीत नसला तर पैसे मागायलाच लाजते आणि उपाशी राहते.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, कधी वर्ष सरत आल्यावर. मधले महिने काढायला बचत गटाचं कर्ज कामी येतं. बियाण्याला आणि शेळीला जसं कर्ज देतो, तसंच कॉलेजच्या पहिल्या सहा महिन्यांनाही द्यावं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडायला दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आज कुणावर तशी वेळ येऊ नये, म्हणून तर आपला गट आहे. "कमवा आणि शिका" ही कर्मवीरांचीच वाट. बऱ्याच कॉलेजांत आजही ही योजना चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज थोडे तास काम करायचं आणि मोबदला घ्यायचा. प्रवेश घेतानाच कार्यालयात तिची चौकशी करावी.

वाट आणि वस्ती

कॉलेज निवडताना नुसतं नाव बघू नका, परतीची गाडी बघा. शेवटचा तास किती वाजता सुटतो, त्यानंतर गावाकडं गाडी आहे का, पावसाळ्यात ती ओढ्यापलीकडं येते का? एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि बायकांना मार्च २०२३ पासून साध्या तिकिटातही निम्मी सवलत आहे. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकदा पोरीला घेऊन तो सगळा प्रवास करा. दुसऱ्या वेळी तिला एकटीला जाऊन येऊ द्या.

रोजचं येणं-जाणं जमणार नसेल तर सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. समाज कल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ही नावं लिहून ठेवा. कार्यालयात नाव घेऊन विचारलं की उत्तर मिळतं.

कॉलेजातले नवे शब्द

शाळेत बाई-गुरुजी नाव घेऊन विचारायचे, "काल का आली नाहीस?" कॉलेजात असं कुणी विचारत नाही. सूचना लागते नोटीस बोर्डावर किंवा मोबाइलवर येते, आणि जी बघत नाही तिची तारीख जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात चार जागा शोधून ठेवायच्या : कार्यालय, ग्रंथालय, नोटीस बोर्ड आणि मुलींची खोली.

वर्षाचे दोन भाग असतात, एकेका भागाला सेमिस्टर म्हणतात. दर सेमिस्टरला परीक्षा. काही गुण लेखी परीक्षेचे, काही वर्षभरातल्या कामाचे, त्याला इंटर्नल म्हणतात. हजेरी साधारण ७५ टक्के लागते. एखाद्या विषयात नापास झालं म्हणजे वर्ष गेलं असं नाही. ठरावीक विषयांपर्यंत पुढच्या वर्गात जाता येतं आणि राहिलेला विषय नंतर सोडवता येतो, त्याला एटीकेटी म्हणतात. हे घरच्यांनाही माहीत हवं. नाहीतर एक विषय राहिला की "बस झालं शिक्षण" असा निकाल घरातच लागतो.

नव्या शिक्षण धोरणात क्रेडिट हा शब्द आलाय. पास झालेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट मिळतात आणि ते विद्यार्थिनीच्या नावावर बँकेसारखे जमा होतात, सात वर्षांपर्यंत. बाळंतपणानं, आजारपणानं शिक्षण मध्येच थांबलं तरी शिकलेलं वाया जात नाही. ज्यांचं मागंच सुटलं त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथं घरकाम, शेती सांभाळून शिकता येतं.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो. त्या सतरा वर्षांच्या पोरीला आम्ही सांगू, "शेवटच्या बाकावर लपू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बस. न कळलेला शब्द मराठीत वहीत लिही आणि तास संपला की सरांना विचार. मराठीत विचारलंस तरी चालतं. शहरातल्या पोरींना सगळं कळतं असं तुला वाटतं, पण त्यांतल्या निम्म्या तुझ्यासारख्याच गप्प बसलेल्या असतात."

घरानं द्यायचा शब्द

आता शेवटची तयारी, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी. ही पोरीनं करायची नसून घरानं करायची आहे.

बसमध्ये कुणी अंगचटीला येतं, रस्त्यात कुणी पाठलाग करतं, फोनवर नको ते पाठवतं, कॉलेजात कुणी त्रास देतं. यावर कायदे आहेत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर करता येते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

पण क्रमांक माहीत असूनही पोरी बोलत नाहीत. का? कारण मनात एकच भीती असते : "घरी कळलं तर कॉलेज बंद होईल." त्रास देणारा मोकळा फिरतो आणि घरी बसते ती मुलगी. मग ती गाडी बदलते, तास चुकवते, हजेरी कमी पडते, आणि शेवटी "हिला शिकायचंच नव्हतं" असं आपणच म्हणतो. त्यानंतर स्थळं बघायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून कॉलेजच्या पहिल्या दिवसाआधी आईनं, आणि जमलं तर बापानंही, पोरीला समोर बसवून शब्द द्यावा : "तू काहीही सांगितलंस तरी तुझं कॉलेज बंद होणार नाही. आपण मिळून मार्ग काढू." आणि तो शब्द पाळावा. बोलायची वाट मोकळी असली की पोर वेळेवर सांगते, आणि वेळेवर कळलं की बहुतेक गोष्टी निस्तरतात.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. गावात अकरावी-बारावीला किती मुली आहेत त्यांची यादी करा. प्रत्येकीच्या नावापुढं लिहा : कुठला कागद आहे, कुठला नाही, आधार जोडलेलं खातं आहे का, परतीची गाडी कुठली. एकेका बाईनं एकेका मुलीची जबाबदारी घ्या. तिच्यासोबत सेतू केंद्रात जा, बँकेत जा, आणि तिच्या आईशी त्या शब्दाबद्दल बोला. हे काम दिवाळीच्या आसपास सुरू केलं तर जूनमध्ये कुणाचीच धावपळ होणार नाही.