मैलाचे दगड आणि वाटसरू

नाताळ हा सण आता केवळ ख्रिस्ती समाजापुरता राहिलेला नाही. दुकानांच्या दर्शनी भागात चांदण्या लुकलुकतात, कार्यालयांतून केक वाटला जातो आणि शाळकरी मुलालाही २५ डिसेंबरचे महत्त्व ठाऊक असते. त्यानंतर बारा दिवसांनी, ६ जानेवारीस येणारा ‘एपिफनी’ अथवा प्रकटीकरणाचा सण मात्र ख्रिस्ती समाजाबाहेर फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने आधी या सणाकडे पाहावे. नाताळात एका जन्माचा आनंद आहे. प्रकटीकरणाच्या सणात तो जन्म कोणाला उमगला आणि कोणाला उमगला नाही, हा प्रश्न आहे. दोन हजार वर्षांनंतरही तो शिळा झालेला नाही.

‘एपिफानेइया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रकट होणे, दृष्टीस पडणे. देवतेचे दर्शन किंवा राजाचे थाटाचे आगमन यांसाठी ग्रीक जगात तो योजला जाई. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात चौथ्या अँटायोकस राजाने तर ‘एपिफनीझ’ म्हणजे ‘प्रकट झालेला देव’ हे बिरुदच धारण केले होते. राजदरबारी तोऱ्याचा हा शब्द ख्रिस्ती लोकांनी बेथलेहेमसारख्या लहानशा गावात जन्मलेल्या एका सामान्य घरच्या मुलास लावला, यातच या सणाचे वेगळेपण आहे.

सण प्राचीन आहे. ३६१ साली ज्यूलियन याने गॉलमधील व्हिएन येथे या दिवशी चर्चमध्ये हजेरी लावल्याची नोंद इतिहासकार अम्मिआनुस मार्सेलिनुस याने केली आहे. ज्यूलियनची ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा तोवर उडालेली होती. तरी लोकमत सांभाळण्यासाठी तो गेला. पूर्वेकडील चर्चमध्ये या दिवशी येशूच्या यार्देन नदीतील बाप्तिस्म्याचे स्मरण प्रमुख असते. आर्मेनियन चर्च येशूचा जन्म व बाप्तिस्मा ही दोन्ही ६ जानेवारीसच साजरी करते, तर इथिओपियात ‘तिमकत’ या नावाने हाच सण १९ जानेवारीच्या सुमारास जलाशयांच्या काठी मोठ्या समारंभाने होतो. पाश्चात्य चर्चने मात्र या दिवसाशी पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची कथा जोडली. सणाचा अर्थ खऱ्या अर्थाने उलगडतो तो या कथेत.

बारा वचनांची कथा

मत्तयाच्या शुभवर्तमानात ही कथा अवघ्या बारा वचनांत आली आहे. पूर्वेकडील काही मागी एक तारा पाहून यरुशलेमेत येतात आणि यहुद्यांचा नवजात राजा कोठे आहे, अशी विचारणा करतात. हेरोद राजा अस्वस्थ होतो. तो मुख्य याजकांना व शास्त्र्यांना बोलावतो. शास्त्री मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथाचा आधार देऊन बेथलेहेमचे नाव सांगतात. मागी तेथे जातात, बालकाला वंदन करून सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात आणि स्वप्नात मिळालेल्या इशाऱ्यानुसार हेरोदाकडे न जाता दुसऱ्या वाटेने स्वदेशी परततात.

ते तिघे होते, असे मत्तय सांगत नाही. ते राजे होते असेही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन ठरली. स्तोत्रसंहिता व यशया यांतील राजांच्या उल्लेखांमुळे त्यांना मुकुट मिळाले. इटलीतील राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील कुट्टिमचित्रात त्यांची बाल्थासार, मेल्खिओर व गास्पार ही नावे आढळतात. तारा कोणता, याचाही पुष्कळ शोध झाला. केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभी गणित मांडून इ. स. पूर्व ७ मधील गुरू-शनीच्या युतीकडे लक्ष वेधले. तथापि कथेचा रोख आकाशापेक्षा जमिनीवर, तारा पाहून चालू लागलेल्या माणसांवर आहे.

‘मागी’ हा शब्द मूळचा इराणी. प्राचीन इराणातील धर्मगुरूंच्या वर्गास तो लावला जाई. पारशी धर्मगुरूंसाठी आजही वापरला जाणारा ‘मोबेद’ हा शब्द त्याच कुळातला. ग्रीकांनी पुढे ज्योतिषी व मांत्रिक यांनाही हेच नाव दिले. म्हणजे धर्माने परके, देशाने परके आणि ज्या ज्योतिषाकडे यहुदी धर्मशास्त्र संशयाने पाही त्यावर विसंबणारे, असे हे लोक. ६१४ साली इराणी सैन्याने पॅलेस्टाइनवर स्वारी केली, तेव्हा बेथलेहेमच्या चर्चवर इराणी वेषातील मागींचे चित्र पाहून सैनिकांनी ती वास्तू सोडून दिली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, परक्यांना आपल्या आद्यकथेत मानाचे स्थान देणाऱ्या धर्माला त्या औदार्याचा कसा उपयोग झाला, हे ती सुचवते.

जाणणारे आणि चालणारे

कथेतील खरा पेच यरुशलेमेत आहे. ताऱ्याने मागींना तेथवर आणले. बेथलेहेमचा पत्ता मात्र त्यांना धर्मग्रंथाकडूनच घ्यावा लागला. निसर्गातील खूण माणसाला घराबाहेर काढू शकते. पण नेमक्या दारापर्यंत जाण्यासाठी परंपरेने जपलेले ज्ञानही लागते. म्हणून ग्रंथ आणि परंपरा यांना तुच्छ लेखण्याचा परवाना या कथेतून मिळत नाही. शास्त्र्यांचे उत्तर अचूक होते. परंतु यरुशलेमेहून बेथलेहेम नऊ-दहा किलोमीटरवर, म्हणजे दोन-अडीच तासांच्या चालीवर आहे. दूरदेशाहून आलेले मागी तेवढे अंतर चालून गेले. ज्यांना पत्ता तोंडपाठ होता त्यांच्यापैकी कोणी त्यांच्यासोबत गेल्याचे मत्तय सांगत नाही.

संत ऑगस्टीनने आपल्या एका प्रवचनात या शास्त्र्यांना मैलाच्या दगडाची उपमा दिली. मैलाचा दगड प्रवाशाला वाट दाखवतो, स्वतः मात्र जागचा हलत नाही. ऑगस्टीनचा रोख यहुद्यांवर होता, आणि असल्या उपमांतून पुढे युरोपात यहुदीद्वेषाला खतपाणी मिळाले, हे विसरता येत नाही. येशू स्वतः यहुदी होता, त्याची आई यहुदी होती, आणि मागींना पत्ता मिळाला तोही यहुदी ग्रंथातूनच. ही उपमा कोणा एका समाजाला चिकटवणे अन्यायाचे आहे. ज्ञानाची मालकी मिळाली की पाय जड होतात, हा अनुभव सर्व धर्मांतील शास्त्र्यांचा आहे, आणि ख्रिस्ती धर्मपीठेही त्याला अपवाद नाहीत.

गोव्याचा इतिहास हेच सांगतो. मांडवीच्या उत्तर तीरावर रेईश मागूश येथे या तीन राजांच्या नावाने १५५५ मध्ये चर्च उभे राहिले. शेजारी पोर्तुगीजांचा किल्ला होता. परक्या धर्माच्या शोधकांचा सन्मान करणाऱ्या कथेचे नाव ज्या भूमीत दिले गेले, त्याच भूमीत १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि मधला अल्पसा खंड वगळता १८१२ पर्यंत ते चालले. जो तारा कोणावर सक्ती करीत नाही, त्याच्या नावाने सक्ती झाली. हेरोदालाही बालकाचा पत्ता हवाच होता. त्याचे कुतूहल खरे होते, हेतू मात्र आपली सत्ता राखण्याचा होता. सत्य जाणूनही स्वस्थ बसणे ही एक चूक; ते जाणून घेऊन मुठीत धरू पाहणे ही त्याहून मोठी.

सापडल्यानंतरचा शोध

यावर एक आक्षेप संभवतो. ख्रिस्ती धर्म स्वतःला ईश्वराच्या प्रकटीकरणावर आधारलेला मानतो. ईश्वरच प्रकट झाला असेल, तर माणसाने शोधायचे काय? शोधणे म्हणजे अजून श्रद्धा नसणे, असेच नव्हे काय? ख्रिस्ती चिंतनाचे उत्तर नकारार्थी आहे. अकराव्या शतकातील संत अन्सेल्म याने आपल्या प्रसिद्ध ग्रंथाला प्रथम दिलेल्या नावाचा अर्थच ‘आकलनाचा शोध घेणारी श्रद्धा’ असा होतो. या मतानुसार शोध हा श्रद्धेचा आरंभीचा टप्पा नाही. तो तिचा श्वास आहे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. सेवेच्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांना अंतरी ईश्वराच्या सान्निध्याऐवजी अंधारच जाणवत होता, असे त्यांतून दिसले. चर्चने ती पत्रे दडवली नाहीत. २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले. तारा दिसेनासा झाल्यावरही चालत राहणे हीही श्रद्धाच, असा त्याचा अर्थ होतो.

महाराष्ट्राने असे शोधक जवळून पाहिले आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त मिळालेला नाही, ही जाणीव आपल्याला नंतरच्या काळात झाली, असे त्यांनी आत्मनिवेदनात प्रांजळपणे नमूद केले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्या निर्णयाने संसाराची कशी वाताहत झाली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ने मराठी वाचकांना सांगितले आहे. लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने त्या त्याच वाटेला आल्या. टिळकांनी अभंग व कीर्तन यांचा वारसा टाकला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. चर्चच्या चौकटीत राहूनही दाराबाहेरच्या शोधकाला आसन देण्याची ही दृष्टी मागींच्या कथेशी इमान राखणारी होती.

प्रकटीकरणाच्या सणाचे हे मर्म ख्रिस्ती वाचकापुरते नाही. शाळेच्या दाखल्यावर धर्माचा रकाना असतो. मुलाने काही विचारण्यापूर्वीच तो भरलेला असतो, आणि पुढे नोकरीच्या अर्जापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत तोच शब्द नकलून घेतला जातो. तो शब्द वारसा म्हणून मोलाचा आहे. यरुशलेमेतील शास्त्र्यांनी जपलेला ग्रंथही तसाच मोलाचा होता. परंतु त्या एका शब्दावर भांडणारी, दुसऱ्याच्या रकान्यावर नजर ठेवणारी आणि स्वतः मात्र एक पाऊलही न टाकणारी माणसे आज सर्वच धर्मांत वाढत आहेत. मत्तयाने मागींचा धर्म कोणता ते सांगितले नाही, परतल्यावर त्यांनी तो बदलला की नाही हेही सांगितले नाही. ते निघाले, त्यांनी विचारले, ते नतमस्तक झाले आणि आले त्याच वाटेने परतले नाहीत, एवढेच त्याला नोंदवण्याजोगे वाटले.